रानमेव्याचा रस आणि मेंदू

मावळात आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे व जांभळे पिकतात. त्यांचा गडद जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, तर जिभेला जाणवणारा तुरटपणा टॅनिनांचा. टॅनिने लाळेतील प्रथिनांना चिकटतात. दोन्ही पॉलिफिनॉल या वनस्पतिजन्य संयुगांच्या मोठ्या कुळातली आहेत.

पॉलिफिनॉलांचा थोडाच भाग लहान आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यातील जिवाणू फोडतात आणि त्यातून तयार झालेले लहान रेणू शरीरात फिरतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक सुटते, वाहिन्या सैलावतात, मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, हे पॉलिफिनॉलांच्या मेंदूवरील परिणामाचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. पूर्वी सारा भर ऑक्सिडीकरण रोखण्यावर दिला जाई; तो अपुरा ठरला.

ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या 2015 मधील चाचणीत 37 निरोगी वृद्धांनी 8 आठवडे फ्लॅव्हॅनोन या प्रकारच्या पॉलिफिनॉलांनी युक्त संत्र्याचा रस घेतला. कमी फ्लॅव्हॅनोन असलेल्या पेयाच्या तुलनेत त्यांची एकूण बौद्धिक कामगिरी काहीशी सुधारली. अमेरिकेत ब्लूबेरीच्या रसावर झालेल्या 2010 मधील प्रयोगात वृद्धांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, पण सहभागी जेमतेम 9 होते. त्यामुळे जांभळाच्या रसाला ‘बुद्धिवर्धक’ म्हणणे घाईचे ठरेल.

रस गाळताना सालीतील बरीच पॉलिफिनॉले व तंतू चोथ्यात जातात, आणि सरबतात वरून साखर पडते. मधुमेह असणाऱ्यांनी तर अख्खे फळच खावे.