स्ट्रटच्या माथ्यावरचं रबर

मुनिरका गावाच्या आतल्या गल्लीत दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. दक्षिण दिल्लीतलं हे टोकस जाटांचं जुनं गाव. एका अंगाला जेएनयू, दुसऱ्या अंगाला आर. के. पुरम आणि वसंत विहार. शेतं कधीच गेली. उरलेल्या गावठाणात चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खोल्याखोल्यांतून विद्यार्थी राहतात. मे २०१८ मध्ये मेट्रोची मजेंटा लाइन इथे पोचली, पण गल्ल्यांची रुंदी होती तेवढीच राहिली. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी, शटर अर्धं वर केलेल्या गॅरेजात स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस जॅकवर चढवलेली होती. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली.

आमच्या संपादकांना या गाडीत रस वाटला तो तिच्या गावामुळे. ही गाडी जुळवली गेली शेंद्र्याला, औरंगाबादच्या म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत. मालकही मूळचे तिकडचेच, नोकरीनिमित्त दिल्लीत आलेले. आता गाडी परत मराठवाड्यात निघाली आहे, आणि निघण्याआधी तिच्या पुढच्या स्ट्रटचे माउंट बदलायचे आहेत.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. स्कोडाची मुळं १८९५ पर्यंत जातात. लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव गावी सायकलींचा धंदा सुरू केला, त्यातूनच पुढे मोटारी आल्या. १९९१ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ मध्ये ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, आणि २००४ मध्ये तिची व्हीआरएस आवृत्ती भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. दिसायला चार दारांची घरगुती सेडान, पण पळायला स्पोर्ट्‌‌स कार. ज्यांनी ती त्या काळात चालवली ते आजही तिच्याविषयी हळवेपणाने बोलतात.

पण गॅरेजात कुणाचंच लक्ष इंजिनाकडे नव्हतं. सगळे बघत होते बोनेटखाली दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या दोन गोल टोप्यांकडे.

अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात चाक पेलण्याची एक सुटसुटीत रचना मांडली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवायचे, खालचं टोक चाक धरणाऱ्या भागाला म्हणजे ‘नकल’ला, वरचं टोक थेट बॉडीला. फोर्डने ती १९५० च्या सुमारास आपल्या युरोपातल्या गाड्यांत वापरली, आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन तेच आहे. अँबेसिडरला पुढे टॉर्शन बार होते, पद्मिनीला दुहेरी आर्म. दिल्लीच्या मिस्त्रींना स्ट्रट शिकवला तो मुनिरकाहून फार दूर नसलेल्या गुडगावात बनलेल्या मारुती ८०० ने. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. आज पन्नाशी ओलांडलेला कुठलाही दिल्लीकर मिस्त्री त्याच गाडीवर हात बसवून मोठा झालेला असतो.

या रचनेत सगळ्यात जास्त सोसतो तो वरचा सांधा. गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं वजन स्प्रिंगमधून तिथे पोचतं, खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथेच जिरतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की अख्खा खांब त्याच सांध्यात फिरतो. म्हणून तिथे दोन गोष्टी असतात: धातूला चिकटवलेलं जाड रबर, म्हणजेच माउंट, आणि त्याच्या खाली सपाट बेअरिंग. रबर बसलं की छोट्या गतिरोधकावर ‘टक’ असा आवाज येतो. बेअरिंग अडकलं की उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणली जाऊन एकदम सुटते, आणि तिचा ‘टंग’ असा नाद केबिनमध्ये घुमतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला कुरकुरतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे, ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता यावा म्हणून. वसाहतींच्या फाटकांपाशी लोकांनी हौसेने घातलेले उंचवटे हातभर रुंद आणि तीक्ष्ण असतात. त्यांवरून वीस वर्षं रोज गेलेलं रबर, त्यात दिल्लीचा उन्हाळा आणि हिवाळा. ते टिकलं असतं तरच नवल.

गॅरेजातल्या सगळ्यांचे ‘उस्ताद’ आवाज ऐकून लगेच पाना उचलत नाहीत. हीच त्यांची खरी विद्या. असाच टकटकाट अँटिरोल बारच्या लिंक रॉडचाही येतो, खालच्या आर्मच्या बुशचाही येतो. त्यांनी गाडी जमिनीवर असतानाच एका पोराला आत बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावलं, आणि स्वतः तळहात स्ट्रटच्या माथ्यावर ठेवला. नंतर माथ्याची चकती आणि बॉडी यांतली फट पाहिली. ती फट जरुरीपेक्षा बरीच मोठी झाली होती. “रबर बैठ गया है,” एवढंच बोलले.

पुढचं काम पाहण्यासारखं होतं. या गाडीचा स्ट्रट खालून बाहेर येतो, कारण वर त्याला धरणारा मुख्य नट एकच. खाली तो नकलच्या चिमट्यात घट्ट बसलेला असतो आणि वीस वर्षांची माती त्याला आणखी आवळून धरते. कंपनीकडे हा चिमटा फाकवायचं खास हत्यार असतं. उस्तादांकडे होती ८ मिलिमीटरची एक एलन की, दोन बाजूंनी घासून ५.५ मिलिमीटर केलेली. ती फटीत घालून पाव फेरा दिला की चिमटा उघडतो. हातोडा लागत नाही, नकलवर चरा पडत नाही. त्याआधी एबीएसची वायर आणि ब्रेकचा होस मोकळा केला होता, आणि अ‍ॅक्सलचा सांधा ओढला जाऊ नये म्हणून खालचा बॉलजॉइंटही सोडवला होता. घाईच्या गॅरेजात हेच टप्पे गाळले जातात.

मग स्प्रिंग. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतकी ताकद असते. दोन समोरासमोरचे हूक लावून, आळीपाळीने थोडं थोडं आवळत, स्प्रिंग आपल्या बैठकीवर सैल हलू लागेपर्यंत कुणी माउंट धरून ठेवणाऱ्या नटाला हात लावत नाही. तो नट २१ मिलिमीटरचा आणि त्याच्या पोटात दांड्याचं ७ मिलिमीटरचं एलन. दांडा धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा, दोन्ही एकाच वेळी. इम्पॅक्ट गन लावली तर नट क्षणात सुटतो, पण आतला दांडाही गरगर फिरून शॉकचं सील खाऊ शकतो. उस्तादांनी जुन्या सॉकेटला बाजूने खाच पाडून घेतली आहे. तिच्यावर पाना, आतून एलन.

जुनं माउंट हातात आलं तेव्हा रबर धातूपासून सुटून एका बाजूला बसलेलं होतं. बेअरिंगमधून वाळू करकरल्यासारखा आवाज येत होता. नवा संच काश्मिरी गेटच्या बाजारातून आला. माउंटचा नंबर ‘१जे०’ने सुरू होतो, म्हणजे मूळ चौथ्या पिढीच्या गोल्फचं, बेअरिंगचा ‘६एन०’ने, म्हणजे पोलोचं. साधी डिझेल ऑक्टाव्हिया याच सांगाड्याची. त्या डिझेल गाड्या भारतात भरपूर खपल्या, म्हणून तर वीस वर्षांनीही दुर्मीळ व्हीआरएससाठी हे सामान सहज मिळतं. दोन्ही बाजूंचे माउंट एकदम बदलले जातात. एकच बदललं तर दोन खांब वेगवेगळ्या ताठपणाने उभे राहतात. शेवटी व्हील अलाइनमेंट.

गाडी ठीक झाली, पण दिल्लीत ती चालवता येत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांवरच्या वाहनांवर आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राजधानी परिसरात बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा हुकूम निघाला, आणि लोक संतापल्यावर काही दिवसांतच तो पुढे ढकलला गेला. १२ ऑगस्टला न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं उरलं. ही व्हीआरएस त्याआधीच्या मानकाची. आता तिच्यापुढे दोनच वाटा: भंगार, नाहीतर ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी) घेऊन राजधानी परिसराबाहेर.

दिल्लीची हवा विषारी आहे, हे मुनिरकात नोव्हेंबरात श्वास घेणाऱ्या कुणालाही पटवावं लागत नाही. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर ओकतं, हेही खरं. पण वयाचा आकडा सांभाळलेली गाडी आणि मोडलेली गाडी यांत फरक करत नाही. कमी धावलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली पेट्रोल गाडी आणि धूर ओकणारी बेवारस गाडी या नियमाला सारख्याच. नेमक्या यंत्रांनी तपासणी आणि नापास गाडीला सक्तीने रस्त्याबाहेर काढणं, हा मार्ग कष्टाचा आहे. तरी न्याय्य तोच आहे. आणि एनओसी देऊन गाडी दुसऱ्या राज्यात पाठवली की तिचा धूर संपत नाही, फक्त पत्ता बदलतो. छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनाही फुप्फुसं आहेत.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दहा हजार झालं. व्हीआरएसच्या मालकांनी हा सगळा हिशेब मांडून पाहिला आहे. ट्रकवर चढवून गाडी पाठवायची, गावी पुन्हा नोंद करायची, असं त्यांनी ठरवलंय.

दिल्लीहून निघालेल्या अशा गाड्या महाराष्ट्रात स्वस्तात मिळतात, आणि पुढेही मिळतील. घेणाऱ्याने बोनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवावा आणि दुसऱ्याला उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला सांगावं. हाताला झटका लागला किंवा नाद आला, तर दोन्ही माउंट, बेअरिंग, अलाइनमेंट आणि मजुरी किमतीतून वजा करूनच सौदा बोलावा. एनओसी मूळ प्रतीत पाहिल्याशिवाय आणि आपल्या आरटीओत तिची खातरजमा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.