हिरवेपणीच पिकणारे हॉप

बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी हॉप ही भांगेच्या कुळातील वेल असून, हिवाळ्यात तिचा जमिनीवरचा भाग वाळून गेला तरी मुळे जिवंत राहतात आणि वसंतात फुटलेले नवे कोंब आधार मिळाल्यास सहा-सात मीटर उंच चढतात. जर्मनीतील हालरटाऊ, इंग्लंडमधील केंट आणि अमेरिकेतील याकिमा खोरे ही तिच्या लागवडीची नावाजलेली क्षेत्रे असली, तरी ब्रिटन-अमेरिकेत घरी बिअर करणारे अनेक हौशी लोक परसात दोर ताणूनही ती वाढवतात. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येत असल्यामुळे लागवडीसाठी मादी वेलीच निवडल्या जातात, कारण उपयोगाचा असतो तो मादी फुलोऱ्यापासून तयार होणारा, पातळ पाकळीवजा पानांच्या थरांनी बनलेला शंकू.

हा शंकू तोडण्याची वेळ ठरवणे नवख्याला अवघड जाते, कारण रंग येथे दिशाभूल करतो. पाडाला आलेली कैरी जशी बाहेरून हिरवीच असते, तसा हॉपचा शंकूही हिरवा असतानाच तयार होतो, आणि तो सर्वत्र तपकिरी पडेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती बहुधा उतरलेला माल येतो. उत्तर गोलार्धात काढणीचा काळ साधारणपणे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत असतो. तथापि वाण, अक्षांश आणि त्या वर्षीचे हवामान यांनुसार तो मागेपुढे सरकत असल्याने तारखेपेक्षा शंकूवरच विसंबणे श्रेयस्कर ठरते.

कच्चा शंकू बोटांत दाबला असता ओलसर, मऊ लागतो आणि दबलेलाच राहतो. तयार शंकू मात्र हलका व कागदासारखा कोरडा लागतो, दाब सोडताच पूर्ववत फुगतो आणि चुरल्यास किंचित कुरकुरतो. तो उभा चिरून पाहिला की मधल्या दांडीलगत, पानांच्या बुडाशी, पिवळ्या भुकटीसारखे कण दिसतात. हे कण म्हणजे ल्युप्युलिन, अर्थात राळ आणि सुगंधी तेले साठवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी. त्यांच्यातील अल्फा आम्ले उकळल्यावर रूपांतरित होऊन बिअरला कडवटपणा देतात, तर तेले तिला गंध देतात. फिकट पिवळ्या रंगाचे ल्युप्युलिन गडद पिवळे आणि चिकट झाले, आणि शंकू तळहातावर चोळल्यावर गवताचा वास मागे पडून वाणाचा स्वतःचा तीव्र गंध उठला, की काढणी जवळ आली असे समजावे. तेलांची वाढ अल्फा आम्लांनंतरही काही काळ चालू राहत असल्यामुळे गंधासाठी वाढवलेल्या वेलीला थोडा अधिक अवधी देणे लाभाचे ठरते. परंतु ल्युप्युलिन नारिंगी होऊन कांदा-लसणासारखा वास येऊ लागला, तर वेळ टळून गेलेली असते.

इंद्रियांच्या या साक्षीला वजनाची जोड देता येते आणि ती अवश्य द्यावी. वेलीच्या निरनिराळ्या उंचीवरचे 50 ग्रॅम शंकू मंद उष्णतेवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावेत, मागे 11.5 ग्रॅम उरले, तर शुष्कांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, 23 टक्के ठरतो. साधारणपणे 20 ते 24 टक्क्यांच्या दरम्यान शंकू तोडणीयोग्य मानले जातात.

मोठ्या शेतात संपूर्ण वेल एकदाच कापून यंत्राने शंकू वेगळे केले जातात, त्यामुळे तेथे सरासरीवर समाधान मानावे लागते. परसातल्या माणसाला मात्र उन्हाकडच्या, शेंड्याजवळच्या शंकूंपासून सुरुवात करून खालचे काही दिवसांनी तोडण्याची मोकळीक असते, आणि घरच्या हॉपचा खरा लाभ यातच आहे. शिवाय वेल लगेच न कापता पाने हिरवी असेपर्यंत उभी ठेवल्यास तयार होणारे अन्न मुळांत साठते आणि पुढील वर्षीच्या कोंबांना बळ मिळते. तोडलेल्या शंकूंत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असल्याने ते त्याच दिवशी, 60 अंश सेल्सिअसपेक्षा बऱ्याच कमी तापमानात, खेळत्या हवेत पातळ पसरावेत आणि वाकवताच मधली दांडी कट्कन मोडू लागली, की हवाबंद पिशवीत भरून थंड जागी ठेवावेत.