घराचा पाया भरताय? काँक्रीट ओतण्याआधी 'हे' तपासा, नंतर संधी नाही

भिंतीला तडा गेला तर तो दिसतो, फरशी उखडली तर बदलता येते. फुटिंगचे तसे नाही. काँक्रीट ओतल्यावर काही दिवसांतच खड्डा बुजवला जातो आणि कॉलममधून येणारा घराचा सगळा भार पेलणारा हा भाग कायमचा मातीखाली जातो. म्हणूनच तपासणी ओतण्याआधी आणि ओततानाच व्हायला हवी.

खड्डा किती खोल हवा?
हे जमिनीवर ठरते. विदर्भ, मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया वर-खाली होतो आणि भिंतींना तिरके तडे जातात. त्यामुळे काळा थर ओलांडून कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदाई केली जाते. हा थर फार खोल असेल तर पर्याय स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावा.

विटांचे तुकडे नकोत
खड्ड्यातील पाणी व सैल माती काढून तळाला साधारण ७५ ते १०० मिमी जाडीचा पीसीसी थर टाकतात. त्यावर सळयांची जाळी बसते. आयएस ४५६ या मानकानुसार फुटिंगमधील सळईभोवती किमान ५० मिमी काँक्रीटचे कव्हर हवे. अनेक ठिकाणी जाळीखाली विटांचे तुकडे सरकवले जातात. वीट पाणी शोषते, ओल सळईपर्यंत पोहोचते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. त्यासाठी काँक्रीटचे कव्हर ब्लॉकच वापरावेत.

शटरिंगमध्ये फट नको
फळ्या किंवा प्लेटांच्या फटीतून सिमेंटचे पाणी वाहून गेले की आत खडी उघडी पडते, पोकळ्या राहतात. शटरिंग न लावता थेट खड्ड्यात ओतल्यास कडेची माती काँक्रीटमध्ये मिसळू शकते.

सर्वांत महाग चूक: जास्त पाणी
मिश्रण पातळ असले की काम पटकन उरकते, पण ताकद घटते. एम-२० च्या नॉमिनल मिक्ससाठी मानकात ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाण्याची मर्यादा आहे. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी करावे लागते. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. खडी वेगळी होते. हवा निघण्यासाठी व्हायब्रेटर वापरावा.

पाणी मारणे किती दिवस?
ओपीसी सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, पीपीसी असेल तर किमान १० दिवस. गोणीवर प्रकार छापलेला असतो.

मोबाइल इथे कामाला येतो
खोली, जाळी आणि कव्हर यांचे टेप लावून फोटो काढावेत. ड्रॉइंगशी ताडून इंजिनिअरने होकार दिल्यावरच मिक्सर सुरू करावा. पुढे घराला तडे गेले, तर मातीखाली काय आहे हे सांगायला हेच फोटो हाताशी असतील.