रोव्हर आणि जुनी टिपणे

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीत, खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारची सखल जमीन जेथे इमारतींच्या रांगांनी व्यापली आहे, तेथे एखाद्या आवाराची हद्द कायम करावयाची झाल्यास भूकरमापकाच्या हाती आता साखळीऐवजी रोव्हर हे काठीवर बसविलेले यंत्र असते. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची मोजणी 33 फुटी साखळीने झाली. तिचे 16 भाग म्हणजे आणे, आणि तिचा चौरस तोच आपला गुंठा.

सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून रोव्हर आपले स्थान काढतो. मात्र सेकंदाच्या एका अब्जांशाची चूक म्हणजे जमिनीवर 30 सेंटिमीटर, आणि म्हणूनच मोबाइलचा नकाशा काही मीटरांनी फसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेली ‘कॉर्स’ केंद्रे, ज्यांचे स्थान आधीच काटेकोर ठरलेले असते, हीच चूक अहोरात्र मोजून रोव्हरला कळवितात, तेव्हा ती दोन-तीन सेंटिमीटरांवर येते. पुरंदर तालुक्यातील सोनोरीच्या गावठाणापासून सुरू झालेली ड्रोन मोजणीही अशाच अचूक बिंदूंवर बेतलेली असते.

इंद्रलोकसारख्या दाट वस्तीत मात्र यंत्राची कसोटी लागते. दोन इमारतींमधल्या बोळातून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, संदेश भिंतींवर आपटून वळसा घेत येतात, आणि पडद्यावरचा आकडा निमूटपणे खोटे बोलतो. म्हणून जाणता मोजणीदार मोकळ्या जागी रोव्हरने दोन बिंदू पक्के करतो आणि तेथून ‘ईटीएस’ या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने आत शिरतो. उंचीची गंमत तर निराळीच. उपग्रही उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती दीर्घगोलापासून मोजली जाते, आणि मुंबईच्या परिसरात समुद्रसपाटी त्या दीर्घगोलाच्या 60 मीटरहून अधिक खाली असल्याने, दुरुस्ती न केल्यास येथला रस्ता ऋण आकड्यात, जणू समुद्रतळाशी दिसावा!

उपग्रह बिंदू दाखवितो. हक्क ठरतो तो दप्तरातील जुन्या मोजणीच्या टिपणांवरून आणि जाग्यावरच्या जुन्या दगडांवरून. तेव्हा मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यासह हजर राहा, कोणत्या कायम खुणांवरून रेघ ओढली हे विचारा, आणि मोजणीनंतर मिळणारा ‘क’ प्रतीचा नकाशा जाग्यावर ताडून पाहिल्याखेरीज कुंपणाचा पहिला खांब रोवू नका.