कलमांच्या बाजारातील स्पर्धा

लखनौजवळचे मलिहाबाद दशहरी आंब्याच्या बागांइतकेच कलमांच्या रोपवाटिकांसाठीही प्रसिद्ध आहे. धान्याचा ग्राहक मूठभर दाणे हातात घेऊन पारख करतो. कलमाच्या ग्राहकाला ती सोय नाही. घेतलेले कलम खरोखर दशहरीचे आहे किंवा नाही, हे काही वर्षांनी फळ धरल्यावरच कळते. तोवर जमीन, पाणी व पैसा गुंतून पडलेला असतो. साहजिकच स्पर्धा दरापुरती उरते, आणि खात्रीच्या मातृवृक्षावरून काडी आणणारा प्रामाणिक व्यावसायिक स्वस्त विक्रेत्यापुढे मागे पडतो.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. येथे विक्रेता मालाबरोबर तो निर्माण करण्याचे साधनही विकून टाकतो. कारण वाढलेले प्रत्येक कलम स्वतःच काडी पुरवू लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी व नीलम यांच्या संकरातून ‘आम्रपाली’ निर्माण केली. अशी नवी जात एकदा बागेत लागली, की शेजारच्या रोपवाटिकेतही तिची कलमे दिसू लागतात. मक्तेदारी टिकत नाही. टिकलीच तर पत टिकते.

राष्ट्रीय बागवानी मंडळ रोपवाटिकांना मानांकन देते. परंतु रस्त्याकडेच्या फिरत्या विक्रेत्याकडून रोप घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. फळ लागेपर्यंत तो विक्रेता कोठे शोधावयाचा?