लॅम्बर्टच्या पायाखालची शिडी

वेन रूनी इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याच रूनीच्या जागी बदली खेळाडू म्हणून उतरून रिकी लॅम्बर्टनं इंग्लंडकडून पदार्पण केलं, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. दोघंही लिव्हरपूलच्या एकाच कडेचे. रूनीचं क्रॉक्स्टेथ आणि लॅम्बर्टचं कर्कबी यांत काही मैलांचंच अंतर. रूनी वयानं साडेतीन वर्षांहून अधिक लहान, पण फेब्रुवारी २००३मध्ये तो देशासाठी मैदानात उतरला तेव्हा लॅम्बर्ट स्टॉकपोर्ट काउंटीसाठी तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, आणि तेही बऱ्याचदा मध्यरक्षक म्हणून.

१४ ऑगस्ट २०१३ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध सामना होता. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या दीडशेव्या वर्षानिमित्त ठेवलेला. म्हणायला मैत्रीपूर्ण, पण या दोन देशांत तसं काही नसतं. स्कॉटलंडनं दोनदा आघाडी घेतली आणि इंग्लंडनं दोनदा बरोबरी साधली. ६७व्या मिनिटाला लॅम्बर्ट आत आला. तीन मिनिटंही झाली नसतील, तोच लेटन बेन्सनं कॉर्नर मारला. लॅम्बर्ट बचावपटूंच्या वर उठला आणि त्यानं डोक्यानं मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला त्याचा तो पहिलाच स्पर्श. इंग्लंड ३-२नं जिंकलं.

त्यानंतर इंग्लिश वृत्तपत्रांनी एकच तपशील पुन्हा पुन्हा छापला. हा माणूस एकेकाळी कारखान्यात बिटाच्या बरण्यांना झाकणं लावत होता, दिवसाला २० पौंडांवर. तपशील खरा आहे आणि कुठल्याही संपादकाला मोह पडावा असाच आहे. त्यातून चिकाटीची एक छान गोष्ट तयार होते. लॅम्बर्टकडे चिकाटी होती यात शंका नाही, पण कारखान्यात झाकणं लावणाऱ्या हजारो चिवट मुलांपैकी देशासाठी एकही खेळत नाही. हा एकटाच तिथवर कसा पोचला, याचं उत्तर निम्मं त्याच्या खेळात आहे आणि निम्मं इंग्लिश फुटबॉलच्या रचनेत.

लॅम्बर्टचा जन्म १६ फेब्रुवारी १९८२चा. दहाव्या वर्षी त्याला लिव्हरपूल क्लबनं आपल्या युवा संघात घेतलं आणि पंधराव्या वर्षी काढून टाकलं. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांच्या अकादमींत शेकडो मुलं असतात, दर वर्षी चाळणी लागते आणि पंधरा-सोळाव्या वर्षी बहुतेकांच्या हातात नकार पडतो. निर्णय घेणारे अनुभवी असतात, पण ते पंधरा वर्षांच्या पोराकडे पाहून पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा अंदाज बांधत असतात. वेगवान मुलाचा वेग लगेच दिसतो. चेंडू येण्याआधी पुढचा पास कुठे द्यायचा हे ज्याच्या डोक्यात असतं, त्याचं डोकं त्या वयात दिसत नाही. आणि लॅम्बर्ट तेव्हाही वेगवान नव्हता, पुढेही कधी झाला नाही.

लिव्हरपूलनंतर ब्लॅकपूल. तिथेही थोडं खेळायला मिळालं आणि करार संपला. एकोणिसाव्या वर्षी तो क्लबविना होता. बिटाचा कारखाना याच काळातला. मॅकल्सफील्ड टाउन या छोट्या क्लबाबरोबर तो पैसे न घेता सराव करत राहिला आणि २००१मध्ये त्यांनी त्याला घेतलं.

इथे इंग्लिश फुटबॉलची रचना समजून घ्यायला हवी. आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर जे दिसतं ते प्रीमिअर लीग, म्हणजे फक्त वरचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन श्रेणी, प्रत्येकी २४ क्लबांच्या. व्यावसायिक लीगचे एकूण ९२ क्लब. त्याखालीही पाचवी, सहावी, सातवी अशा श्रेण्या थेट गावच्या मैदानापर्यंत उतरत जातात. प्रत्येक मोसमाअखेर वरच्या श्रेणीतले तळाचे संघ खाली येतात, खालचे अव्वल संघ वर जातात. मुंबईच्या कांगा लीगमध्ये ‘जी’ डिव्हिजनपासून ‘ए’ डिव्हिजनपर्यंत चढत जाणारे संघ ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही व्यवस्था वेगळी सांगायला नको. फरक इतकाच, की इंग्लंडमध्ये चौथ्या श्रेणीतल्या खेळाडूलाही पगार मिळतो, त्याच्या क्लबाचं स्वतःचं स्टेडियम असतं आणि दर शनिवारी काही हजार माणसं तिकीट काढून येतात.

नाकारलेला मुलगा त्यामुळे संपत नाही. तो फक्त खालच्या पायरीवर जातो.

लॅम्बर्टच्या पायऱ्या बघा. मॅकल्सफील्डमध्ये एक मोसम बरा गेला आणि २००२मध्ये स्टॉकपोर्टनं त्याच्यासाठी तीन लाख पौंड मोजले. तिथे तो फारसा चमकला नाही. २००५मध्ये रॉचडेल, चौथी श्रेणी. इथे त्याला आघाडीला खेळवलं गेलं आणि २००५-०६च्या मोसमात त्यानं लीगमध्ये २२ गोल केले. २००६मध्ये ब्रिस्टल रोव्हर्स. पुढच्याच वर्षी रोव्हर्स लीग वनमध्ये चढले. फेब्रुवारी २००८मध्ये एफए कपच्या पाचव्या फेरीत लॅम्बर्टच्या फ्री किकवर त्यांनी साउदम्पटनला १-० हरवलं. २००८-०९मध्ये लीगमध्ये त्याचे २९ गोल, तिसऱ्या श्रेणीत संयुक्तपणे सर्वाधिक. तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि प्रीमिअर लीगमधल्या कुणालाही त्याच्यासाठी फोन करावासा वाटला नव्हता. तिसऱ्या श्रेणीतला दणकट, संथ स्ट्रायकर वरच्या बचावपटूंपुढे टिकत नाही, हे गृहीतच धरलेलं होतं.

फोन आला तो साउदम्पटनचा, आणि साउदम्पटनही तेव्हा बुडत्या जहाजासारखंच होतं. क्लबाची मालक कंपनी एप्रिल २००९मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली होती, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि नवा मोसम उणे १० गुणांवरून सुरू करायचा होता. जुलैमध्ये मार्कुस लीबहेर या उद्योगपतीनं क्लब विकत घेतला. व्यवस्थापक ॲलन पार्ड्यूनं ऑगस्टमध्ये लॅम्बर्टला आणलं, सुमारे दहा लाख पौंडांत. पार्ड्यूनं पहिली गोष्ट सांगितली ती वजन कमी करण्याची.

पुढची तीन वर्षं आकड्यांत सांगितली तरी पुरे. २००९-१०मध्ये सर्व स्पर्धांत ३६ गोल, त्यातले ३० लीगमध्ये, आणि वेम्बलीवर कार्लाइलला ४-१ हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी. २०१०-११मध्ये लीगमध्ये २१ गोल आणि संघाला चॅम्पियनशिपमध्ये बढती. २०११-१२मध्ये २७ गोल, त्या श्रेणीत सर्वाधिक, आणि लगोलग दुसरी बढती. लीबहेर हे पाहायला नव्हता. ऑगस्ट २०१०मध्ये त्याचा मृत्यू झाला होता. पार्ड्यूही गेला होता, संघ आता नायजेल ॲडकिन्सच्या हाती होता.

आकड्यांपेक्षा मला लॅम्बर्टच्या खेळण्याची रीत जास्त मोलाची वाटते. सव्वासहा फूट उंचीच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा माणूस समोर दिसला की बचावपटू हवेतल्या लढाईची तयारी करतात. लॅम्बर्ट हवेत लढायचाच. पण अर्धा वेळ तो त्यांच्यापासून लांब, मागे मध्यरक्षकांत येऊन उभा राहायचा. चेंडू घ्यायचा, छातीवर किंवा मांडीवर मऊ उतरवायचा आणि अंगाभोवती वळून तीस-चाळीस यार्डांचा पास थेट धावत्या विंगरच्या पावलांत द्यायचा. बचावपटूनं मागोमाग यावं तर पाठीमागे जागा मोकळी, न यावं तर पास मोकळा. स्टॉकपोर्टला मध्यरक्षक म्हणून घालवलेली ती निस्तेज वर्षं इथे कामाला आली. नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या देहात दहा नंबरचा, म्हणजे चाली रचणारा खेळाडू होता. ॲडम ललाना, मॉर्गन श्नायडरलिन यांच्यासारखे पोरगेले मध्यरक्षक त्याच्याभोवती वाढले, आणि त्याच्याबरोबरच तिसऱ्या श्रेणीतून पहिल्यात आले.

पेनल्टींबद्दल तर वेगळं लिहायलाच हवं. साउदम्पटनसाठी लॅम्बर्टनं स्पर्धात्मक सामन्यांत ३४ पेनल्टी मारल्या आणि ३४ गोल केले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण चारपैकी एक पेनल्टी हुकते. त्या हिशेबानं लागोपाठ ३४ जाळ्यात जाण्याची शक्यता दहा हजारांत एकही नाही. या क्लबाला अशा माणसांची सवय आहे म्हणा. नव्वदच्या दशकात मॅट ल टिसिए साउदम्पटनसाठी ४८ पेनल्टींपैकी फक्त एक हुकला होता. पण ल टिसिए जन्मजात कलावंत म्हणून ओळखला गेला. लॅम्बर्टला तसं कुणी म्हटलं नाही, कारण तो रॉचडेलहून आला होता. खालच्या श्रेणीचा शिक्का असा चिकटतो.

१९ ऑगस्ट २०१२, प्रीमिअर लीगचा पहिला सामना, समोर गतविजेते मँचेस्टर सिटी. लॅम्बर्टला राखीव बाकावर बसवलं होतं. तीन वर्षं ज्याच्या गोलांवर क्लब वर आला, त्यालाच ‘ही पातळी वेगळी’ असं सांगण्यासारखं होतं ते. उत्तरार्धात तो उतरला आणि काही मिनिटांत गोल केला. साउदम्पटन ३-२नं हरलं, पण त्यानंतर त्याला बाकावर बसवण्याचं कारण उरलं नाही. त्या मोसमात तो सगळ्या ३८ सामन्यांत खेळला, १५ गोल केले. लीगमधल्या इंग्लिश खेळाडूंत त्याच्याइतके गोल फक्त फ्रँक लॅम्पार्डचे होते. जानेवारी २०१३मध्ये आलेला व्यवस्थापक मॉरिसिओ पोचेटिनो सतत धावत दबाव टाकणारा खेळ मागायचा. तिशी ओलांडलेला लॅम्बर्ट त्यातही बसला. पुढच्या मोसमात लीगमध्ये १३ गोल, आणि क्लब आठवा.

वेम्बलीवरच्या त्या हेडरनंतर त्यानं मोल्डोव्हाविरुद्धही गोल केला. २०१४च्या विश्वचषकासाठी इंग्लंडचा व्यवस्थापक रॉय हॉजसननं त्याला ब्राझीलला नेलं. तिथे उरुग्वेविरुद्ध हरत्या सामन्यात त्याला शेवटची काही मिनिटं मिळाली, बस्स. एकूण ११ सामने, ३ गोल.

याच उन्हाळ्यात लिव्हरपूलनं त्याला परत बोलावलं, सुमारे ४० लाख पौंड देऊन. लहानपणापासूनचा आवडता क्लब, सतरा वर्षांपूर्वी नाकारणारा क्लब, आता स्वतःहून दारात. सिनेमा असता तर इथे संपला असता. प्रत्यक्षात लुईस सुआरेझ बार्सिलोनाला गेल्यावर लिव्हरपूल त्या वर्षी चाचपडत होतं, डॅनियल स्टरिज जखमी होता, मारिओ बालोटेली आला होता आणि कुणालाच सूर सापडत नव्हता. लॅम्बर्टला कधी वीस मिनिटं, कधी पाच. सबंध मोसमात तीन गोल. ज्या खेळाडूचा सगळा खेळ सहकाऱ्यांच्या हालचाली ओळखण्यावर उभा, त्याला पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांत वापरून काही मिळणार नव्हतं. ३२व्या वर्षी त्यानं लिव्हरपूलला जायला नको होतं, असं म्हणणारे बरेच आहेत. मला त्याच्या जाण्यात खोट दिसत नाही. कर्कबीच्या मुलाला लिव्हरपूल बोलावतं तेव्हा नाही म्हणायची पद्धत नाही. पुढे वेस्ट ब्रॉमविच, मग कार्डिफ, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये निवृत्ती. साउदम्पटनच्या खात्यावर राहिले २३५ सामन्यांत ११७ गोल.

त्याच्या शिडीच्या खालच्या पायऱ्यांचं काय झालं, हे मात्र चिकाटीच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. स्टॉकपोर्ट काउंटी कर्जात बुडत २०१३मध्ये थेट सहाव्या श्रेणीत गेलं आणि व्यावसायिक लीगमध्ये परतायला २०२२ उजाडलं. रॉचडेल शंभराहून अधिक वर्षं लीगमध्ये राहून २०२३मध्ये बाहेर फेकलं गेलं. आणि कारखान्यातल्या मुलाला ज्यांनी सरावाला येऊ दिलं, ते मॅकल्सफील्ड टाउन सप्टेंबर २०२०मध्ये थकलेल्या देण्यांपायी न्यायालयाच्या आदेशानं बंदच झालं. त्याच मैदानावर नव्या नावानं नवा क्लब उभा राहिला, पण त्याला बरंच खालून सुरुवात करावी लागली. ज्या देशात वरच्या क्लबांना एका खेळाडूसाठी दहा कोटी पौंड मोजणं जड जात नाही, तिथे हे क्लब त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या कर्जानं मोडतात.

वरचा पैसा खाली किती झिरपावा आणि क्लब कुणाच्या हाती जावा, यावर इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं नुसती चर्चाच चालली. अखेर जुलै २०२५मध्ये ब्रिटिश संसदेचा फुटबॉल नियमनाचा कायदा मंजूर झाला आणि वरच्या पाच श्रेण्यांतल्या क्लबांच्या हिशेबांवर आणि मालकांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र नियामकाची तरतूद झाली. मॅकल्सफील्ड टाउनसाठी तो कायदा पाच वर्षं उशिरा आला.