पडद्याकडे बघत वाजवलं आणि एका रात्रीत सिनेमाचं संगीत तयार झालं!

गोष्ट १९५७ सालची. अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस कार्यक्रमांसाठी पॅरिसला आला होता. तिथे लुई माल हा २५ वर्षांचा दिग्दर्शक आपल्या नव्या सिनेमासाठी संगीत शोधत होता. सिनेमाच्या फ्रेंच नावाचा अर्थ होता 'वधस्तंभाकडे नेणारी लिफ्ट'.

एरवी पार्श्वसंगीत कसं बनतं?

एडिटिंग झालं की संगीतकार सेकंदांचा हिशोब मांडतो, कुठल्या कटवर कुठला सूर हे लिहून काढतो आणि वादक तेच वाजवतात.

इथे तसं झालं नाही. ४ डिसेंबरच्या रात्री स्टुडिओत निवडक प्रसंग पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवले गेले आणि डेव्हिससह पाच वादकांनी ते बघत वाजवलं. आधीपासून ठरलेलं म्हणजे थोडेफार कॉर्ड्स. आपल्याकडे बंदिश ठरलेली असते आणि बढत जागेवर होते, साधारण तसंच.

मग फरक काय पडला?

सिनेमात नायिका रात्रभर प्रियकराला शोधत पॅरिसच्या रस्त्यांवर फिरते. तो लिफ्टमध्ये अडकलाय, हे तिला माहीत नाही. अशा वेळी व्हायोलिनचा मारा करून 'आता घाबरा' असं सांगता आलं असतं. डेव्हिसचा ट्रम्पेट मात्र सावकाश, थांबत थांबत वाजतो. जणू पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नाही. दीड तासाच्या सिनेमात हे संगीत २० मिनिटंही नाही, तरी लक्षात राहतं ते तेच.

पुढे १९९५ मध्ये जिम जार्मुशच्या 'डेड मॅन'साठी नील यंगनेही सिनेमा बघत बघतच वाजवलं. तिथे मुख्य वाद्य होतं इलेक्ट्रिक गिटार. धून अशी फारशी नाहीच. खरखरीत, लांब रेंगाळणारे आवाज. ब्लॅक अँड व्हाइट वेस्टर्न सिनेमा त्यामुळे स्वप्नासारखा वाटू लागतो.

हे नवीन आहे का?

तसं नाही. मूकपटांच्या काळात आपल्या थिएटरांतही हार्मोनियम-तबलावाले पडद्याजवळ बसून साथ करायचे. आजही जगभर जुन्या मूकपटांना असं लाइव्ह संगीत दिलं जातं.

धोका कुठे असतो?

वादकाला गप्प बसता आलं नाही, तर सगळं फसतं. प्रत्येक दृश्यावर काहीतरी वाजवलं की प्रेक्षक सिनेमा सोडून वादकाकडेच बघायला लागतो. म्हणून अशा साथीत बोटांच्या करामतीपेक्षा नजर महत्त्वाची. दृश्यच पुरेसं बोलत असेल, तर हात थांबवावा लागतो.

फरक स्वतःच बघायचाय? आवडत्या सिनेमातला एक प्रसंग म्यूट करा. आधी त्यावर सतार लावा, मग नुसता पावसाचा आवाज. चेहरा तोच राहील, पण त्यामागचं मन तुम्हाला वेगळं दिसेल.